वरून खाली उघडणारं चित्र

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना मी घरात कुणाला न सांगता इंटरनेटवर चित्रं टाकायला लागले. दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. तेव्हा संध्याकाळी टीव्हीवर एक जपानी कार्टून हिंदीतून लागायचं. त्यात एक मध्यमवयीन, अबोल तलवारबाज होता आणि मला त्याचं वेड लागलं होतं. प्रॅक्टिकलच्या वेळेत, जेवताना, बसस्टॉपवर उभी असताना माझ्या डोक्यात तोच असायचा. हाताला येईल त्या कागदावर मी त्याला काढत सुटले होते.

घरात चित्रांना बंदी होती असं नाही. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की आधी शिक्षण, बाकी हौस नंतर. चोरून करायचं ते सायबर कॅफेचं. माळनाक्याजवळच्या या कॅफेत प्लायवूडचे आडोसे करून कॉम्प्युटर मांडले होते आणि कोपऱ्यात एक स्कॅनर होता. जगभरचे लोक अशा कार्टूनची स्वतः काढलेली चित्रं जिथे टाकतात, अशी एक साइट वर्गातल्या मैत्रिणीने दाखवली होती. मी तिथे खोटं नाव घेतलं. गावाच्या रकान्यात ‘समुद्राजवळ’ असं इंग्रजीत लिहिलं. चित्र पाठवायचं बटण दाबण्याआधी दर वेळी मी मागे वळून बघायचे. रत्नागिरीतलं कुणीतरी ते बघेल, माझा हात ओळखेल आणि घरी येऊन सांगेल असं वाटायचं.

पहिल्या काही चित्रांना ‘छान आहे’ एवढंच आलं, आणि तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. मग एका शनिवारी दुपारी कॅफेत गेले, तर कुणीतरी चांगलं लांबलचक लिहिलेलं दिसलं. नावाच्या जागी घुबडाचा फोटो होता. बाई की पुरुष, कळायला मार्ग नव्हता. इंग्रजीत लिहिलेलं होतं, त्याचा मथितार्थ असा: तुझ्या प्रत्येक चित्रात याचे हात पाठीमागे का असतात? पाय गुडघ्याखाली कागदाबाहेर का जातात? तुला हात-पाय येत नाहीत, म्हणून तू ते लपवतेस. तुझा माणूस जमिनीवर उभा नाही, खुंटीला टांगलेला आहे. आधी कणा, मग कंबर, मग वजन कुठल्या पायावर आहे ते बघ. कपडे सगळ्यात शेवटी.

माझे कान तापले. सगळं खरं होतं. मला आतापर्यंत असं कुणी पकडलं नव्हतं.

खाली लिहिलं होतं, ‘तुझंच चित्र दुरुस्त करून दाखवलंय.’ मी त्यावर क्लिक केलं. तेव्हा चित्र एकदम उघडत नसे, वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचं. केस आले, कपाळ आलं, हनुवटी आली. मान आली, खांद्यांची हाडं आली, त्यांवरून लाल रेषा मारलेल्या. छातीच्या खालपर्यंत चित्र आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की याच्या अंगावर कपडे नाहीत, आणि पुढेही नसणार. शरीरशास्त्राच्या पुस्तकात असतं तसं ते साधं रेखाटन होतं. पण माझा जीव कासावीस झाला. चित्र हळूहळू कंबरेकडे निघालं होतं.

“काय गो, तू इथे?”

मागे शेजारचे काका उभे होते. आमच्या आवाराच्या दगडी गडग्यापलीकडेच त्यांचं घर. ते मिरजोळ्याला एका कारखान्यात होते. त्यांचा मुलगा बोटीवर, त्याची मेल वाचायला ते शनिवारी इथे येत, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी झटकन मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. काकांची नजर मात्र त्या काळ्या पडद्यावरच राहिली.

“परीक्षा कधी आहे?” त्यांनी विचारलं.

“पुढच्या महिन्यात.”

“अभ्यास चाललाय ना?”

“हो काका.”

ते गेले. मी तशीच बसून राहिले. मग लक्षात आलं, की पडदा नुसता विझलाय, मागे चित्र उतरतंच आहे. ते बंद करायचं तर मॉनिटर पुन्हा लावायला हवा. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी बटण दाबलं. तलवारबाज एव्हाना पावलांपर्यंत पूर्ण झाला होता. डोळे अर्धे मिटून मी खिडकी बंद केली आणि बाहेर पडले.

घरी आले ती काकांच्या फाटकाच्या आवाजावर कान ठेवून. जेवण जाईना. आईने कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, “ताप तर नाही.” बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं तरी मी दचकत होते. खरं तर बाबांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. पण ते मला कॉलेजातून काढतील, देवरूखला मावशीकडे नेऊन ठेवतील, कुणाशी बोलणार नाहीत, असं काय काय मनात येत होतं. त्यातलं शेवटचं सगळ्यात वाईट वाटत होतं.

रविवारी सकाळी काका शिडी मागायला आले. मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते, तिथून खिडकीतून अंगण दिसायचं. बाबा शिडी काढून देत होते आणि काका त्यांच्याजवळ सरकून काहीतरी बोलत होते. ऐकू येत नव्हतं. बाबा खाली मान घालून गडग्यावरचं शेवाळ नखाने खरवडत होते. विळीचा दात माझ्या बोटाला लागला तेव्हा भान आलं.

बाबा आत आले, हात धुतले, पाणी प्यायले.

“उद्या कॉलेज सुटलं की माळनाक्यावर थांब,” ते म्हणाले.

“कशाला?”

“थांब म्हटलं ना.”

सोमवारी वर्गात काय शिकवलं, मला आठवत नाही. बाबा ऑफिसातून स्कूटरवर आले, सायबर कॅफेसमोर थांबले आणि म्हणाले, “चल.” कॅफे चालवणाऱ्या गृहस्थांकडून त्यांनी एक स्टूल मागून घेतलं आणि माझ्या शेजारी बसले. त्यांच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता, तोही साहेबांच्या केबिनमध्ये कव्हर घालून ठेवलेला. त्यांना यातलं काही कळत नव्हतं. दुसरं काहीही उघडून दाखवता आलं असतं. पण काकांनी काय काय सांगितलंय ते मला माहीत नव्हतं, आणि खोटं पकडलं गेलं तर काय, या भीतीने मी तेच पान उघडलं.

चित्र पुन्हा वरून खाली उतरायला लागलं, शेजारी माझं मूळ चित्र होतं. मी कीबोर्डकडे बघत राहिले. चित्र पूर्ण उतरल्यावर बाबांनी विचारलं, “हे कुणी काढलंय?”

“माहीत नाही.”

“आणि हे बाजूचं?”

“मी.”

त्यांनी चष्मा वर करून पडद्याशी डोळे नेले. “ह्याचे हात कुठे आहेत?”

“पाठीमागे.”

“हं.” ते मागे टेकले. “काय लिहिलंय त्याने, ते वाच. सगळं वाच.”

मी हळू आवाजात एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत गेले. कणा, कंबर, वजन. बाबा ऐकत होते. शेवटी, शनिवारी नव्हता तो मजकूर खाली दिसला. मी थांबले.

“पुढे?”

मी वाचलं. त्यात लिहिलं होतं, की स्वतःच्या शरीरावरून शिकणं सगळ्यात सोपं. अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून समोरून आणि बाजूने असे स्वतःचे फोटो काढ. इथे टाकू नकोस, माझ्या मेलवर पाठव. मी त्यावर रेषा मारून देईन. लाजू नकोस, सगळे चित्रकार असंच करतात.

मी पहिल्यांदा बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“फोटो पाठवलास?”

“नाही. मी हे आत्ताच बघतेय.”

“खरं सांग, बाय.”

“नाही बाबा.”

“नाव सांगितलंस? कॉलेज? गाव?”

“नाव खोटं आहे. गाव नाही लिहिलं. नुसतं समुद्राजवळ.”

“घराचा फोन?”

“नाही.”

त्यांनी हेच प्रश्न पुन्हा, त्याच क्रमाने विचारले. शनिवारपासून मी त्यांना घाबरत होते, आणि ते भलत्याच कशाला तरी घाबरले होते. मी त्या घुबडाकडे बघितलं. त्याच्यामागे एक माणूस आहे, त्याला वय आहे, तो कुठल्यातरी खोलीत बसून माझ्या फोटोची वाट बघतोय, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. काका, आई, बाबा ही माझ्या माहितीची माणसं होती. त्यांची भीती कुठवर जाईल, याचा मला अंदाज होता. या भीतीला तळ लागत नव्हता. मला त्या जागेवरून उठून पळावंसं वाटलं.

“लिही,” बाबा म्हणाले. “माझे वडील शेजारी बसले आहेत. फोटो मिळणार नाहीत. चित्राबद्दल सांगायचं असेल ते इथेच, सगळ्यांसमोर सांगावं. ‘कृपया नोंद घ्यावी’ असं घाल.”

मी इंग्रजीत टाइप केलं. कचेरीतल्या इंग्रजीच्या आधारावर त्यांनी ते दोनदा वाचून बघितलं आणि मान हलवली. मी बटण दाबलं.

घरी जाताना स्कूटरवर ते म्हणाले, “एकटीने जायचं नाही. शनिवारी मी येईन.”

“काकांना काय सांगणार?”

“शिकतेय म्हणून सांगेन. आईला मी सांगतो.”

आईला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती पडवीत येऊन माझ्याजवळ बसली, आणि तिनेही फोटोचंच विचारलं.

शनिवारपर्यंत फोन वाजला की आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायचो. शनिवारी बाबांनी पुन्हा स्टूल मागून घेतलं. घुबड गेलं होतं. त्याच्या नावाच्या जागी ‘हा सदस्य आता नाही’ अशी ओळ होती. त्याखाली साइट चालवणाऱ्यांचा निरोप होता: तुझ्या वडिलांचं उत्तर वाचून आणखी दोघी मुलींनी आम्हाला कळवलं. त्यांच्याकडेही त्याने असेच फोटो मागितले होते. एकीने पाठवलेही होते. वडिलांना आमचे आभार सांग.

बाबांनी ते स्वतःच वाचलं. मग उठून बाहेर गेले आणि टपरीपाशी चहा न घेता नुसते उभे राहिले. आत एकटी बसायची हिंमत होईना, म्हणून मीही बाहेर आले. ‘एकीने पाठवलेही होते’ हे वाक्य त्यानंतर मला फार दिवस आठवत राहिलं. ती कुठली, तिचं पुढे काय झालं, ते कधीच कळलं नाही. आणखी एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. त्या माणसाने हातांबद्दल, वजनाबद्दल लिहिलेलं सगळं बरोबर होतं. मी आजही आधी कणाच काढते, आणि काढताना दर वेळी मनात थोडं चरकतं.

चित्रं मी थांबवली नाहीत, पण पुढचे काही महिने बाबा बरोबर असल्याशिवाय साइट उघडली नाही. त्याच पानावर आता आणखी दोघंतिघं सल्ला द्यायला लागले होते. त्यातल्या एकाने लिहिलं, घरातल्या माणसांचे हात काढ, ते पळून जात नाहीत. मी बाबांना विचारलं. रविवारी ते पडवीत खुर्चीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. डॉक्टरकडे इंजेक्शनची वाट बघत बसतात तसे ताठ. “हलू का?” असं मधूनच विचारायचे. बोटं काढताना माझी पेन्सिल घसरत होती. तरी पाची बोटं कागदावर आली. लपवलं काही नाही.

ते चित्र आम्ही दोघांनी मिळून टाकलं. पुढच्या खेपेला उत्तर आलेलं होतं.

“काय म्हणतात?” बाबांनी विचारलं.

“बाकी बरं आहे म्हणतात. करंगळी चुकलीय. इतकी वाकडी नसते.”

बाबांनी स्वतःची करंगळी उजेडात धरून बघितली. “माझी आहेच तशी. लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडली होती. सांग त्यांना.”

मी टाइप करायला लागले. माझे वडील लहान असताना, एवढं लिहिलं आणि थांबले.

“बाबा, एवढं सांगायचं?”

ते पडद्याकडे बघत राहिले. शेजारच्या आडोशात कुणीतरी खोकलं, तसं त्यांनी मागे वळून बघितलं.

“नको,” ते म्हणाले. “चुकली म्हण.”