घासणाऱ्याने तपासायचं नाही

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ताई दिवसभर फ्रेमच्या मापाने काचा कापायची. तिथे मशीन होतं. रविवारी मात्र ती हातांनी काच घासायची, शाळेच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, आकाशनिरीक्षण मंडळाच्या खोलीत. मधोमध पाण्याने भरलेलं पिंप, त्यावर राळेची गादी, आणि पिंपाभोवती हळूहळू फिरणारी ताई. तिच्या हाताखालची जाड काच पुढे मोठ्या दुर्बिणीचा आरसा होणार होती. पॉलिशच्या पावडरीने तिची नखं कायम गुलाबी असत.

मंडळ तिच्या थोरल्या भावाने सुरू केलं होतं. दोघांनीही लग्न केलं नाही. एका घरात, एकमेकांवर कुरकुरत राहिली. आरशाच्या कामात दादाचा एकच कायदा होता: घासणाऱ्याने तपासायचं नाही. "हात दमले की डोळ्यांना काच गुळगुळीत दिसायला लागते," तो म्हणायचा. म्हणून ती घासायची आणि तो तपासायचा. मध्ये बराच वेळ काच नुसती ठेवून द्यावी लागे. हातांच्या उबेनेही काच किंचित फुगते आणि नसलेले उंचवटे दिसतात. ती पूर्ण निवली की दादा अंधाऱ्या बोळात दिवा आणि दाढीचं पातं लावून आरशावरच्या सावल्यांतून उंचसखल शोधत बसे.

"काय म्हणतोय आरसा?" ताई दारातून विचारायची.

"म्हणतोय, बाईला घाई फार. चहासुद्धा तोंड भाजून घेत पिते."

"तू पी थंडगार. साय येईपर्यंत बस."

मंडळाचा सेक्रेटरी औषधांच्या दुकानाचा मालक होता. त्याने तयार दुर्बीण विकत आणली होती. मोबाइलवर बोट ठेवलं की ती आपणहून ताऱ्याकडे वळायची. "चालू द्या तुमचं सावकाश," तो हसायचा. "शनी कुठे पळून जातोय?"

मग दादाच्या छातीत पाणी व्हायला लागलं. जिना चढणं बंद झालं. डॉक्टरांनी ताईला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठलं आणि पुढच्या हिवाळ्याचा विचार करू नका म्हणून सांगितलं. घरी आल्यावर दादाने काही विचारलं नाही. उशीला टेकून म्हणाला, "शनी सध्या संध्याकाळीच वर असतो. एकदा आपल्या आरशातून बघतो, मग मी मोकळा."

"मोकळा कसला होतोस? भांडायला मी कुठे जाऊ?"

त्या रविवारी ताईने स्वतःच तपासलं. आरशाच्या मध्यभागी तिला उंचवटा दिसला. तिने तो घासून काढला. लगेच पुन्हा बघितलं. सावली एकसारखी, करडी, सुंदर. दुसऱ्या दिवशी काच चांदीसारख्या मुलाम्यासाठी बाहेर गेली.

आरसा दुर्बिणीत बसला, त्या संध्याकाळी दादाला खुर्चीत बसवून चौघांनी गच्चीवर नेलं. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. ताईने शनी नेमका मध्ये आणला आणि बाजूला झाली.

दादाने डोळा लावला. चित्र स्पष्ट व्हावं म्हणून फिरकी पुढे केली, मागे केली. बराच वेळ केली. मग डोळा न काढताच म्हणाला, "गरम असताना तपासलास."

ताई फिरकीकडे हात नेऊ लागली.

"मध्ये खड्डा पडलाय. उंचवटा नव्हताच गं."

तिने बघितलं. शनीच्या जागी पाण्यात पडलेला कापूस होता. कडी आणि गोळा वेगळे होतच नव्हते.

"दादा, माझ्या दुर्बिणीतून बघा," सेक्रेटरी घाईघाईने म्हणाला. या खेपेला त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "कडी अशी दिसताहेत की…"

"शनी खूप बघितला रे," दादा म्हणाला. "मला आरसा बघायचा होता."

मग तो ताईकडे वळला. "मुलामा काढून टाक. पुन्हा घास. खड्डा फार खोल नाही, भोवतालची काच झिजली की वर्षभरात निघेल."

वर्षभर हा शब्द म्हटल्यावर तोच थोडा हसला. ताईने शाल त्याच्या खांद्यांवर ओढली. ती वाकडीच बसली, शेवटी त्यानेच सारखी केली. "चला, खाली न्या. गार पडलंय."

पंधरवड्याने तो गेला.

ताई पुन्हा पिंपाभोवती फिरते आहे. मुलामा उतरला, खड्ड्याच्या कडेची काच झिजत आली. सेक्रेटरी मधूनमधून जिना चढून येतो. "ताई, आता झाला असेल. मी शिकलोय तपासायला. दाखवा तरी."

"नाही झालेला."

"कशावरून?"

दादा गेल्यापासून बोळातला दिवा तिने कुणाला लावू दिलेला नाही. आरसा कदाचित गेल्या उन्हाळ्यातच झाला असेल, आणि त्यानंतरचं सगळं घासणं त्याला पुन्हा बिघडवतही असेल. हे तिला कळतं. ती राळेवर थोडं पाणी शिंपडते, चिमूटभर पावडर घालते आणि काच उचलून पालथी ठेवते.