शेजाऱ्यांची जबानी

दुपारचा डबा खाऊन प्रणोती प्रयोगशाळेतल्या टेबलावर डोकं टेकवते. पेशी वाढवायचं उबदार कपाट शेजारी एकसुरात घुमतंय. पाचच मिनिटं, असं ती स्वतःला बजावते आणि पापण्या आपोआप मिटत जातात.

"काय सूनबाई, ड्यूटीवर झोप?"

समोर आप्पा बसलेत. तिचे सासरे, फलटणचे निवृत्त हवालदार, तीन वर्षांपूर्वी वारलेले. तळहातावर चुना लावून तंबाखू मळणं चालू आहे.

"आप्पा, अजून सोडली नाहीत?"

"आता माझं काय वाकडं होणार आहे?" ते मिशीत हसतात. प्रणोतीलाही हसू फुटतं. या माणसावाचून किती करमत नव्हतं, हे तिला आत्ता कळतं.

टेबल चौकीच्या व्हरांड्यातलं बाकडं झालंय. बाकड्यावर तिची काचेची बशी आहे, आत मऊ जेलचा थर.

"हा आरोपी कोण?"

"कॅन्सर. शरीरात शेजारच्या मांसात घुसतो, पण माझ्या बशीत दोन वर्षं ढिम्म हलत नाही. सोमवारी सरांना काही दाखवलं नाही तर माझं काम बंद."

"बशीत आणखी कोण राहतं?"

"कोणी नाही. गाठीबरोबर आजूबाजूच्या पेशी येतात, त्या मी पहिल्याच दिवशी काढून टाकते. नमुना स्वच्छ नको का?"

आप्पांचे हात थांबतात. "म्हणजे सगळी आळी उठवलीस, गड्याला मोकळ्या माळावर बसवलंस आणि विचारतेस, घरफोडी कशी करतोस? अगं, पहिली जबानी शेजाऱ्यांची घ्यायची. कडी कुणी काढली, वाट कुणी दाखवली, सगळं तेच सांगतात."

आता दोघं एका गल्लीत उभे आहेत. दारादारांतल्या बाया दोऱ्या ताणून धरताहेत, अगदी सरळ, आणि दोरीला धरून कुणीतरी सरसर पुढे सरकतंय.

"आणि ही दुसरी बशी?" आप्पांच्या हातात फेकायच्या ट्रेमधली बशी आहे.

"ती खराब झाली. मी तापाने घरी होते, शेजारी काढायचे राहून गेले."

"बरं झालं ताप आला." आप्पा झाकणावर अंगठा दाबतात. "ही मुद्देमालात ठेव."

प्रणोती डोळे उघडते. घड्याळात पावणेतीन. ट्रेमधल्या बशीच्या झाकणावर सकाळी तिनेच लिहिलेलं 'खराब' आहे, आणि त्याला लागून चुन्याचा पांढरा ठसा, चांगला रुंद अंगठ्याचा.

ती बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवते. शेजारच्या लांबट पेशींनी जेलमधले धागे ताणून सरळ वाटा पाडल्यात, आणि त्या वाटांनी कॅन्सरच्या पेशी गाठीतून निघून पार कडेपर्यंत पोचल्यात. प्रणोती एकटीच मोठ्याने हसते.

मग ती स्पिरिटचा कापूस घेते आणि झाकणावरचं 'खराब' पुसून टाकते. अंगठ्याला धक्का न लावता.