सदाफुलीचा रस

वडिलांच्या मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या, तेव्हा मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. डॉक्टरांनी सुरू केलेल्या औषधांतलं एक इंजेक्शन सदाफुलीपासून बनतं. ती गोष्ट मी वर्गात नेहमी रंगवून सांगायचे. मधुमेहावर गावठी उपाय म्हणून लोक तिचा पाला घेत. शास्त्रज्ञांनी तो तपासायला घेतला आणि हाती लागलं ते कॅन्सरवरचं औषध.

पहिल्या काही इंजेक्शनांतच वडिलांचे केस गळले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, पोट साफ होईना. त्यात त्यांच्या सकाळच्या फिरण्यातल्या मित्रांनी सदाफुलीचं पुराण ऐकवलं. झालं! मी शनिवार पेठेत माहेरी गेले, तर आई मिक्सरमध्ये पाला वाटत होती आणि वडील ठरलेल्या दिवशी हॉस्पिटलात गेलेच नव्हते.

"अहो बाबा, इंजेक्शन त्याच झाडाचं आहे!"

"मग मी थेट झाडाकडे गेलो, तर तुझं काय बिघडलं?"

मी समजावत बसले. ढीगभर पाल्यातून ते औषध चिमूटभरसुद्धा निघत नाही. बाकीचं जे पोटात जातं त्यानं साखर उतरते, रक्तदाब उतरतो. वडिलांनी उभा जन्म सरकारी कचेरीत नकाशे काढले होते. केसभर रेघ हलली तरी कागद फाडायचे. रस किती घेता, असं विचारलं, तर म्हणाले, "असेल कपभर. कधी जास्त."

"झाडपाल्यानं कधी कुणाचं वाईट झालंय का?" आई म्हणाली.

"आई, धोतराही झाडपालाच आहे."

तिनं मिक्सर पुन्हा सुरू केला.

पुढच्याच आठवड्यात वडील न्हाणीघरात कोसळले. रक्तातली साखर पार खाली गेली होती. काय खाल्लं होतं, असं हॉस्पिटलात विचारलं, तेव्हा दोघंही नुसतं चहा-पोळीचंच सांगत राहिले. शेवटी रसाचं मीच सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "रोज एक जण येतो असा," एवढंच ते म्हणाले.

घाबरून का होईना, वडील इंजेक्शनांना परतले. गाठी हळूहळू विरघळल्या. शेवटची तपासणी चांगली आली त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यातच बसून रडले. घरी आल्यावर वडील शेजाऱ्यांना सांगत होते, "त्या रसानं पाया घातला. इंजेक्शनं आपली नावाला."

मी चिडून बोलायला लागले, तर म्हणाले, "तुला तुझं शिक्षण नडतं."

मग रसाची कृती विचारायला लोक येऊ लागले. एकदा एक बाई आली. नवऱ्याच्या घशात कॅन्सर होता आणि विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, अर्ध्यावर सोडून तो घरी बसला होता. वडिलांनी तिला दारातल्या सदाफुलीचा पिशवीभर पाला तोडून दिला, वर वाटायची कृती सांगितली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्यामागे रस्त्यापर्यंत धावले.

"हे देऊ नका त्यांना. उद्याच्या उद्या हॉस्पिटलात न्या. मी येते बरोबर."

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. वनस्पतिशास्त्र शिकवते."

"मग राहू द्या," ती म्हणाली. रागानं नाही, थकून. पिशवी छातीशी धरून ती बसस्टॉपकडे निघून गेली. मी तिचा पत्तासुद्धा विचारला नव्हता. तिच्या नवऱ्याचं पुढे काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.