आईसाठी बदललेला चोर

फोन नीट कानाला लाव, भाचीबाई. माझ्या लहानपणच्या रहस्यमालेतलं पुस्तक शोधून पोस्टानं पाठवलंस, पण स्वतः काऊन नाई आली?

काल ते पुन्हा वाचलं. उन्हाळ्यात आम्ही अंगणात तेंदूपत्त्याचे पुडके बांधत असू. माझ्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला, वाचता येत नव्हतं. ती म्हणायची, “तू वाच व, तुझ्या वाटचे पुडके मी बांधतो.” चौथीत शाळा सुटली तरी माझं वाचन टिकलं, ते तिच्यामुळं.

या पुस्तकात हार चोरतो नावाडी. तुझ्या आजीचे वडीलही वैनगंगेवर नाव चालवायचे. संशय नावाड्यावर येताच ती भडकली, “गरीबच चोर काऊन? तो चोर निघाला तं वाचन बंद, पुडके बांध!” मी घाबरले आणि वाचता वाचता चोरी गोष्टीतल्या जमीनदारावर, मालगुजारावर ढकलली. ती इतकी खूश झाली की पुढचं पुस्तक आणायला तिनंच मला गुरुजींकडे पाठवलं.

आज नव्वदीतली तुझी आजी मुखपृष्ठ पाहून म्हणाली, “वाच न व, मालगुजाराले पकडतात ते!” माझ्यासाठी एवढे पुडके बांधणाऱ्या बाईला आता तरी खरं सांगावं म्हणते. पण एकटीला भेव वाटते. या रविवारी ये न, माझ्या बाजूला बस.