कापसाचा बोळा

मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी आपल्या शोधनिबंधांची यादी दवाखान्याच्या भिंतीवर फ्रेम करून लावली आहे. नंबर येईपर्यंत मी ती वाचत बसलो. तळपायांच्या बधिरपणावरच आठ-दहा निबंध! एवढं लिहिणारा माणूस पेशंट तपासतो तरी कधी? मला काही खरं वाटेना.

आत गेल्यावर त्यांनी मला डोळे मिटायला लावले. त्यांच्या हातात कापसाचा बोळा होता.

"तळपायाला कापूस लागला की 'हो' म्हणा, काका."

"हो," मी म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा, "हो."

"काका, मी अजून हात लावलेलाच नाही."

बाहेर येऊन पुन्हा त्या यादीसमोर उभा राहिलो. डॉक्टरांवरचा संशय गेला होता. पण त्या निबंधांत माझ्यासारख्यांचे किती 'हो' छापून आले असतील, कोण जाणे.