शेवटचं पान आणायला इंदापूरला

दौंडच्या कुलकर्णीबाई, गुडघा कसा आहे? तेल लावताय ना, का बाटली नुसती कपाटात शोभेला ठेवलीय? लातूरचे गुरुजी, खोकला गेला का? जाणार नाही, तुम्ही ताक सोडत नाही. फलटणच्या वैशालीताई, लेक आणि नातू सुखरूप ना? बाळ रात्रीचं झोपतं का आजीला जागवतं? आणि ते एक वाचक, जे नाव लिहीत नाहीत, दर वेळी फक्त अंगठा पाठवतात, त्यांचा अंगठा तरी ठणठणीत आहे हे आम्हाला दिसतंच.

आमच्याकडं जळोचीला सगळं ठीक. फक्त आमच्या मंडळींच्या, म्हणजे हौसाच्या, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा घालून ओट्यावर बसते, एखाद्या फौजदारासारखी. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे. ते काम सूनबाईवर सोपवून मी गेल्या आठवड्यात इंदापूरला जाऊन आलो, त्याची ही हकीकत. तुमच्यापैकी कुणाला तिकडं जायचं असेल तर वाट, जेवण सगळं सांगतो; पण आधी कशासाठी गेलो ते ऐका.

माझं आवडतं पुस्तक कोणतं, असं तुम्ही पुष्कळदा विचारलंत. मी टाळत आलो, कारण मला त्याचं नाव माहीत नाही. मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो. पुढं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लागलो आणि उसाच्या गाड्या काट्यावर चढेपर्यंत रद्दीतली पुस्तकं वाचत गेलो. त्यातलंच हे एक. रद्दीवाल्यानं दिलं तेव्हाच कव्हर नव्हतं, पहिली सहा पानं नव्हती आणि शेवटचंही नव्हतं. अंगात सदरा नाही, पायात वहाण नाही, पण माणूस राजा, असं ते पुस्तक.

गोष्ट एका पोस्टमनची. त्याच्याकडं एका बाईच्या नावाचं पत्र येतं, पण बाई गाव सोडून गेलेली. तो पत्र परत पाठवत नाही. बारा वर्षं गावोगाव विचारत फिरतो. शेवटी एका दारापुढं उभा राहतो, कडी वाजवतो, आतून आवाज येतो, ‘कोण?’ आणि पान संपतं.

मी हे हौसाला बत्तीस वर्षांत किती वेळा वाचून दाखवलं त्याचा हिशेब नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती; आता सही करते, बसच्या पाट्या वाचते, पण पुस्तक मात्र माझ्या तोंडूनच ऐकायचं असा तिचा हट्ट. आणि तितकी सगळी वर्षं आमचं एकच भांडण. दार कुणी उघडलं? मी म्हणतो, दुसऱ्याच कुणीतरी. बाई तिथूनही गेलेली, बिचाऱ्याला उशीर झाला. हौसा म्हणते, तिनंच उघडलं. ‘बारा वर्सं पाय झिजवल्यावर दुसरं कोण उघडंल? लिहिणाऱ्याला आईबाप व्हते का न्हाय?’

मध्यंतरी मोबाईलवर निरोप आला. इंदापूरच्या पुढं, धरणाच्या काठावरच्या एका गावात वाचकांचं मंडळ आहे, त्यांची वार्षिक बैठक. आपलं आवडतं पुस्तक घेऊन यावं. म्हटलं, इतके वाचक एका जागी, कुणाकडं तरी अख्खी प्रत असेल! हौसानं परवानगी दिली, पण अट घातली.

‘शेवट सापडला तर तितं ऐकायचा न्हाय. हितं आणायचा, माझ्याम्होरं ऐकायचा. न्हायतर सांगताना आपल्या बाजूला वळवाल.’

‘एवढा अविश्वास?’

‘मळ्यातल्या बांधाचं भांडण तुमी घरी येऊन कसं सांगता, ते ऐकलंय मी.’

सोबतीला आमचे शेजारी कांबळेराव. चाळीस वर्षं पोस्टमन होते, घरात पुस्तकांनी भरलेली दोन कपाटं. जाणता माणूस. पण माझ्या या एका पुस्तकावर त्यांचा दात. ‘तात्या, पत्ता सापडला न्हाय तर शेरा मारायचा आणि पत्र परत धाडायचं. बारा वर्षं खिशात? याला बडतर्फच केला असता!’ असं म्हणत त्यांनी ते चार वेळा वाचलंय.

सकाळी बारामती स्टँडवरून इंदापूरची एसटी धरली. आम्हा म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. डावीकडची खिडकी धरा, उन्हं लागत नाहीत. रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झालाय. सणसर, बेलवाडी, लासुर्णे अशी गावं एकामागून एक येतात. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनच ट्रॅक्टर असा आडवा येतो की ड्रायव्हरला देव आठवावा.

पुस्तक मी स्टीलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून नेलं होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘भाकरी वाटतं?’ मी डबा उघडून दाखवला. त्यांनी गोष्ट विचारली, मी सांगितली. पुढच्या सीटवरचे वळले. बेलवाडीपर्यंत अर्धी बस एका बाजूला, अर्धी दुसऱ्या बाजूला. कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून म्हणाला, ‘पण बाईचं लगीन झालं व्हतं का?’ लासुर्ण्याला एक गृहस्थ उतरले. बस सुटली तरी खालून धावत ओरडत होते, ‘सासूनं उघडलं आसंल! सासूनं!’ ही बाजू आमच्या घरात बत्तीस वर्षांत कुणाला सुचली नव्हती.

वाटेत निमगाव केतकी लागतं. तिथले पानमळे नावाजलेले. येताना पानं घ्या, ओल्या फडक्यात टिकतात. इंदापुरात उतरून आधी जेवलो. धरणातली चिलापी, बाजरीची भाकरी, कांदा. मासे न खाणाऱ्यांना पिठलं मिळतं, आणि तेही असं की मासे खाणाऱ्यानं क्षणभर विचारात पडावं. तिथून वडापची जीप. सात माणसांच्या जागेत बारा बसतात, पण कुणी कुरकुरत नाही.

आता बैठकीचं सांगतो. जागा म्हणजे दूध संस्थेचं कार्यालय. अध्यक्ष सर्जेराव आबा. पांढरी टोपी, कडक इस्त्री. आबांचं आयुष्य सहकारी संस्थांच्या सभा चालवण्यात गेलेलं, त्यामुळं चार माणसं समोर बसली की त्यांना दुसरी रीत माहीतच नाही. आमच्या हातात छापील विषयपत्रिका आली. विषय एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय दोन, सभासदांची आवडती पुस्तके ऐकून मंजूर करणे.

आबांनी डोकी मोजली. ‘एकोणीस. कोरमला पंचवीस लागत्यात. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब. त्याच जागी पुन्हा भरंल.’

कुणी हललं नाही. एकोणीस माणसं जागच्या जागी अर्धा तास तहकूब होऊन बसली. मी शेजाऱ्याला पुस्तकाचं विचारायला गेलो तर तो कुजबुजला, ‘आत्ता न्हाय, सभा चालू न्हाय.’ अर्ध्या तासानं आबांनी घड्याळ पाहिलं, त्याच एकोणीस जणांना नमस्कार केला आणि म्हणाले, ‘आता कोरमची गरज न्हाय.’

पहिले उठले एक बागायतदार. त्यांचं आवडतं पुस्तक म्हणजे पाण्याच्या मोटारीबरोबर आलेली माहितीपुस्तिका. ‘अकरा वेळा वाचली,’ ते म्हणाले. ‘पान नऊवर मोटर जळती. दर वेळी वाटतं, या खेपंला वाचंल.’ बोलता बोलता त्यांनी पुस्तिका मिटून छातीशी धरली. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, सभागृह म्हणालं, ‘मंजूर!’ हसू नका. पुस्तकावर असा जीव लावणारा माणूस मी फार दिवसांनी पाहिला.

मग मी. अर्धा तास बोललो. शेवटी कडी वाजवली, ‘कोण?’ म्हटलं आणि थांबलो. मग मागून आवाज, ‘म्होरं?’

‘पान नाही,’ मी म्हणालो. ‘तेच शोधायला आलोय.’

आबा अस्वस्थ झाले. ‘शेवट नसताना विषय मंजूर कसा करायचा? सभागृहानं निर्णय घ्यावा.’ लगेच सूचना आली, दार त्याच बाईनं उघडलं असं ठरवण्यात यावं. अनुमोदन मिळालं. हात वर झाले. बाजूनं अकरा, विरोधात सात. मी विरोधात. कांबळेराव तटस्थ राहिले आणि कारण नोंदवून घ्या म्हणाले, ‘पत्र नियमानुसार परत पाठवायला हवं होतं.’ आबांनी तेही लिहून घेतलं. ‘ठराव बहुमतानं मंजूर. बाईनंच दार उघडलं.’

तेवढ्यात भिंतीकडच्या बाई उभ्या राहिल्या. मंगलताई. गावातल्याच, दोन म्हशी, आणि वाचनाचं वेड. ‘आबा, दार कुणी उघडलं ते मला ठावं हाय.’

मला घाम फुटला. हौसाची अट! मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि ओरडलो, ‘सांगू नका! ताई, पाया पडतो, सांगू नका!’

‘बरोबर,’ आबा म्हणाले (हे कांबळेरावांनी नंतर सांगितलं). ‘ठराव झालाय. ज्यादा माहिती आयत्या वेळच्या विषयांत येईल.’

आयत्या वेळचे विषय सगळ्यात शेवटी. मध्ये पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडं ठेवायची यावर चर्चा सुरू झाली, आणि ज्यांच्याकडं किल्ली होती ते राजीनामा द्यायला निघाले. पाच वाजले. मंगलताई घड्याळ बघत उठल्या, ‘धारेची येळ झाली,’ म्हणाल्या आणि चालू लागल्या. माझं बत्तीस वर्षांचं उत्तर चपला घालून निघालं होतं! सभा सोडून मी मागं पळालो, माझ्यामागं कांबळेराव.

गोठ्यात ताई म्हशीला आंबोण ठेवत होत्या. म्हणाल्या, ‘मला खोड हाय, तात्या. कुठलंबी पुस्तक हातात आलं की मी शेवटचं पान आधी वाचती. शेवट चांगला असंल तरच सुरुवात करायची. माहेरी असताना हे पुस्तक हाताला लागलं. शेवटचं पान वाचलं, लई आवडलं, आणि तेवढ्यात ज्यांचं व्हतं ते घेऊन गेले. तो माणूस त्या दारात का उभा हाय, ते मला आज तुमच्याकडनं कळलं.’ त्यांनी पदरानं डोळे टिपले. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं असं पाहिलं की रडवणारा मीच.

माझ्याकडं सगळं होतं, शेवट नव्हता. या बाईकडं शेवट होता, बाकी काही नव्हतं. आणि मध्ये पन्नास किलोमीटर.

‘लिहून द्या,’ मी म्हणालो. ‘मी वाचणार नाही.’ त्यांनी विषयपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आठवेल तसं लिहिलं. मी आभाळाकडं बघत होतो. कांबळेरावांनी पिशवीतून पाकीट काढलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी हा माणूस कोरं पाकीट बाळगतो! त्यांनी कागद आत घातला, चिकटवलं, वर लिहिलं, ‘सौ. हौसाबाई, जळोची’. मी हात पुढं केला.

‘तुमाला कसं देऊ?’ ते म्हणाले. ‘टपाल पोस्टमन नेणार.’

निघताना मी स्टीलचा डबा मंगलताईंच्या हातात ठेवला. द्यायचं ठरवून गेलो नव्हतो. हात आपोआप पुढं गेला, मग आत कुठंतरी कळ आली. ‘पहिल्यापासून वाचा,’ म्हटलं. ‘सहा पानं नाहीत, पण अडत नाही.’

परतीच्या बसमध्ये मी दोनदा पाकिटाकडं पाहिलं. दोन्ही वेळा कांबळेरावांनी खिशाचं बटण तपासलं. पानं घ्यायची राहिली ती राहिलीच.

दिवेलागण होऊन गेल्यावर घरी पोचलो. दार पुढं केलेलं. मी कडीला हात घालणार, तर कांबळेरावांनी मला मागं सारलं. सदरा नीट केला, पाकीट हातात धरलं, कडी वाजवली.

आतून हौसाचा आवाज आला, ‘कोण?’

कांबळेराव उत्तर द्यायचं सोडून पाकिटावरचं नाव वाचू लागले. चाळीस वर्षं दारोदार ‘पोस्ट!’ म्हणून ओरडलेला माणूस, स्वतःच लिहिलेला पत्ता पुन्हा पुन्हा तपासतोय. इतकी वर्षं मी त्या दाराच्या आतल्या माणसाचाच विचार करत होतो. बाहेर उभ्या असलेल्याचं काय होत असेल, ते त्या दिवशी पाहिलं.

दार उघडलं. काळा चष्मा लावून हौसा. तिनं पाकीट घेतलं, चाचपलं, परत दिलं. ‘मला या डोळ्यांनी काय दिसतंय, भावजी? आणलंय तर तुमीच वाचा.’

कांबळेरावांनी उंबऱ्यातच पाकीट फोडलं आणि वाचलं. मंगलताईंनी लिहिलं होतं: ‘दार तिनंच उघडलं. पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, परत त्याच्याकडं दिलं. म्हणाली, मला वाचता येत नाही. एवढ्या लांबून आणलंत, तर आता तुम्हीच वाचून दाखवा. तो उंबऱ्यावर बसला आणि त्यानं पत्र फोडलं. इथं पुस्तक संपतं.’

सूनबाई थेंबांची बाटली घेऊन तशीच उभी. मग हौसा म्हणाली, ‘तिनंच उघडलं. म्हटलं व्हतं का न्हाय?’

‘म्हटलं होतंस,’ मी कबूल केलं. ठरावही तसाच झाला होता हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सर्जेराव आबांना फोन करून कळवलं, तर ते शांतपणे म्हणाले, ‘सभागृह चुकत न्हाय.’ ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल पाठवतो म्हणाले.

आता फळीवर त्या पुस्तकाची जागा रिकामी आहे. तिथं ते पाकीट ठेवलंय. मंगलताईंचा निरोप आला, निम्मं झालं, सावकाश वाचतेय. शेवट माहीत असूनही जीव लागून राहिलाय म्हणाल्या. भांडण मिटलं म्हणून मला दोन दिवस घर सुनं सुनं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी थेंब घालताना हौसा म्हणाली, ‘पर अवो, त्या पत्रात काय लिवलं व्हतं?’

मी म्हणतो, वाईट बातमी होती; चांगली असती तर पोचायला बारा वर्षं लागली नसती. ती म्हणते, ‘छ्या! कुणीतरी खुशाली विचारली आसंल. आणि खाली लिवलं आसंल, उत्तर धाडा म्हणून.’ कांबळेराव म्हणतात, आधी त्यावर पुरेसं तिकीट होतं का ते बघा.

तुम्हाला काय वाटतं, ते कळवा. गुडघा, खोकला, बाळ, सगळं सांभाळून, पण लवकर लिहा. आणि अंगठावाले, तुम्हीही या खेपेला दोन ओळी लिहाच. हौसानं तुम्हाला आत्ताच आपल्या बाजूला मोजलंय.