चूल कुठे होती, हे विचारणाऱ्या शैलाताई

शैलाताई वर्तकांची आणि माझी पहिली भेट टोकियोजवळच्या उरायासुमध्ये, मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाच्या टेबलापाशी झाली. त्यांनी माझी चकली शांतपणे चावली आणि म्हणाल्या, "चकली मऊ पडलीये हं. पण मघाशी हॉलवाल्यांशी जपानीत भांडलात, ते मात्र खुसखुशीत होतं. सोमवारी काय करता?" नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या माझ्यासारखीला सोमवारी काय असणार? कचरा वेगवेगळा करणे! अशा रीतीने मी त्यांच्या हाताखाली दुभाषी झाले.

ताईही अशाच, नवऱ्याच्या बदलीमुळे तरुणपणी योकोहामाला आल्या. आज त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. मायदेशात जिवाला धोका म्हणून इथे आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज फेटाळले गेले, की काही जण त्या नकाराविरुद्ध न्यायालयात जातात. त्यांचं हिंदी-उर्दूतलं म्हणणं ताई जपानीत आणतात. त्यांच्याबरोबर काम करणारे वकील मोरिता-सेन्सेई तर म्हणतात, "वर्तक-सान येणार नसतील, तर मी अशिलाला बोलावतच नाही."

ताईंचे नियम दोन. आधी समोरच्याला डब्यातला वरणभात, मग जबाब. आणि लिहून झालेला जबाब त्या माणसाला त्याच्या भाषेत पहिल्यापासून वाचून दाखवायचा. पदरचा एक शब्द घालायचा नाही, त्याचा एक गाळायचा नाही. पहिला नियम मला पटला. दुसरा वेळखाऊ वाटे, कारण स्वतःच्या जपानीवर माझा जरा जास्तच विश्वास होता.

त्याची किंमत फरीदाला मोजावी लागली. (हे तिचं खरं नाव नाही.) नवऱ्याला मारणारी माणसं तिने स्वयंपाक करताना पाहिली होती आणि ओळखली होती. ताई पुण्याला गेल्या असताना तिचा जबाब मी एकटीने जपानीत केला आणि वाचून न दाखवताच दिला. नकाराच्या पत्रात लिहून आलं: स्वयंपाकघरातून रस्त्यावरचे चेहरे दिसणं शक्य नाही, सबब अर्जदाराचं म्हणणं विश्वासार्ह नाही. वरचं अपीलही फेटाळलं गेलं. आता उरलं फक्त न्यायालय. तिथे हरली, तर तिला त्याच माणसांच्या गावी परत जावं लागणार होतं.

ताईंनी तिच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवली. "बेटा, घर बनाओ. चूल्हा कहाँ था?"

फरीदाने चूल काढली ती अंगणात, गुडघाभर उंचीच्या भिंतीशी. भिंतीपलीकडे रस्ता. मी हे विचारलंच नव्हतं, 'स्वयंपाकघरात' हा शब्द पदरचा घातला होता! माझ्या डोळ्यांपुढे आमच्या फ्लॅटमधला ओटा होता, अर्ज तपासणाऱ्या साहेबांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या घरचा. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"सेन्सेई," ताई म्हणाल्या, "भाषांतरातली चूक आमची आहे, तिची नाही. तसं न्यायालयाला लिहून द्या." आणि जिच्यात त्यांचा हात नव्हता, त्या चुकीच्या कबुलीखाली त्यांनी माझ्याआधी सही केली. स्टेशनवर मला गरम कॉफीचा कॅन घेऊन दिला. "मान वर कर. उद्या दहाला ये, सगळा जबाब पुन्हा वाचायचाय." असे गुरू नशिबाने मिळतात, मला ते मऊ चकलीने मिळाले.

निकाल वाचायला न्यायाधीशांना अर्धं मिनिटही लागलं नाही. नकार रद्द! फरीदाने विचारलं, "अब नहीं भेजेंगे ना?" मी आनंदाने मान डोलावणार, तोच ताई म्हणाल्या, "अभी यह नहीं कह सकते. अब उन्हें दोबारा फ़ैसला करना होगा." मला ताईंचा राग आला. त्या बिचारीला एक 'हो' म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं?

काही महिन्यांनी निवासाचं कार्ड आलं. या अंकासाठी ताईंविषयी काय लिहू, असं परवा मी फरीदाला विचारलं. ताईंना ती आपा म्हणते. ती म्हणाली, "लिखिए, कार्ड मिलने के बाद भी मेरा बैग बँधा रहा. आपा ने काग़ज़ पढ़ा और कहा, अब नहीं भेजेंगे. तब खोला."

ताई, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. अजून पुष्कळ बॅगा बांधलेल्या आहेत.